वरातीत जागा का घेत नाहीत?

पंचवटीतल्या एका पत्र्याच्या खोलीत लग्नाच्या बँडची तालीम चालली होती. घेतलं होतं ‘रघुपती राघव’. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या नावाने ओळखली जाणारी ती चाल. पलुसकर अखेरच्या काळात पंचवटीतच आश्रम करून होते, तेव्हा चाल तशी घरचीच. दोनदा सरळ वाजली. तिसऱ्यांदा क्लॅरिनेटवाला ‘राजाराम’वर उतरायचं सोडून वरच्या सुरावर रेंगाळला. चालीबाहेरच्या अशा ऐनवेळच्या वळणाला वादक ‘जागा’ म्हणतात. ट्रम्पेटने तीच जागा उचलून खाली आणली आणि साइड ड्रम नेमका समेवर आला. आधी ठरलेलं काहीच नव्हतं.

‘एकाचं ऐकून दुसऱ्याने वाजवलं,’ असं म्हणावं तर हिशेब बसत नाही. लय होती मिनिटाला १२० ठोक्यांची. ठोक्याचे चार भाग केले की एकेक भाग १२५ मिलिसेकंदांचा. आवाज कानावर पडून हात हलायलाच माणसाला दीडशेच्या आसपास लागतात. नुसतं ऐकून वाजवणारा कायम मागेच राहील. म्हणून मेंदू पुढचा सूर आधीच ताडून ठेवतो. चाल जुनी असली की सगळ्यांचे अंदाज एकच असतात, आणि लक्ष फक्त मोडलेल्या वळणाकडे द्यावं लागतं.

चार्ल्स लिम्ब आणि अ‍ॅलन ब्राऊन या अमेरिकी संशोधकांनी २००८ साली सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून, मांडीवर लोखंड नसलेला छोटा कीबोर्ड देऊन वाजवायला लावलं. ऐनवेळी सुचेल ते वाजवताना कपाळामागचा, स्वतःवर पहारा ठेवणारा बाजूचा भाग शांत झाला आणि मधला भाग कामाला लागला. सहाच माणसं, हे खरं. पण २०१४ साली लिम्ब यांच्या गटाने दोन वादकांचे सवाल-जवाब तपासले, तेव्हा वाक्यरचना सांभाळणारे भाग कामाला लागलेले दिसले, शब्दार्थाशी जोडलेले मात्र थंड. अर्थावाचून गप्पाच म्हणा ना!

आता हाच बँड रस्त्यावर काढा. आवाजाला मीटरभर जायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. खोलीत हे जाणवतही नाही. वरातीत पुढचा ट्रम्पेट आणि मागचा ढोल यांच्यात वीस मीटर पडले, की साठेक मिलिसेकंदांचा उशीर. दोघेही एकमेकांसाठी थांबत राहतात आणि लय सुस्तावते. म्हणून मास्तर उलटे चालत हात वर धरतात. हात दिसायला उशीर लागत नाही.

क्लॅरिनेटवाल्याला विचारलं, वरातीत ती रेंगाळण्याची जागा घेणार का? क्लॅरिनेट पुसत तो म्हणाला, “छे, तिथं मास्तरांचा हात बघायचा की जागा घ्यायची?”