मोबदला कामाचा द्यावा की निकालाचा?

बाळंतपणात वार (गर्भात बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) पडल्यानंतर गर्भाशय घट्ट आकसले नाही, तर वारेच्या जागी उघड्या राहिलेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त वाहतच राहते. ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त गेले, की त्याला प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणतात. जगभरातील मातामृत्यूंचे हे सर्वांत मोठे कारण आहे. पावसाळ्यात ओढे भरले की बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातल्या वाड्यांची वाट बंद होते, आणि अशा वेळी बाळंतिणीच्या अंगावरून जास्त जाऊ लागले, तर मोठा दवाखाना गाठणे फार कठीण होते.

यावरील उपायाचा एक महत्त्वाचा पुरावा याच जिल्ह्यातून आला. येथील १,६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गावपातळीवरच्या नर्सबाईंनी प्रसूतीनंतर लगेच गर्भाशय आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या दिल्या, तेव्हा रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के राहिले. औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्यांत ते १२ टक्के होते. हाताशी एवढा साधा उपाय असेल, तर तो प्रत्येक बाळंतिणीला वेळेवर मिळावा म्हणून सेवा देणाऱ्याला पैसे नेमके कशाचे द्यावेत?

कर्नाटकातच प्रसूतिसेवा देणाऱ्यांवर एक प्रयोग करून संशोधकांनी हे तपासले. काहींना ठरवून दिलेली कामे केल्याबद्दल, तर काहींना माता व बाळ सुखरूप राहण्याच्या प्रमाणावर मोबदला दिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तस्राव दोन्ही गटांत साधारण सारखाच घटला. मात्र निकालावर पैसे देणे अधिक खर्चिक ठरले. उच्च पात्रतेच्या सेवादात्यांना निकालाचा करार कदाचित अधिक मानवला असावा, पण कामाच्या मोबदल्यात कमी-अधिक पात्रतेचे सगळेच सारखे उतरले. याचे कारण मला उघड वाटते: निकाल सर्वस्वी आपल्या हातात नसतो, काम असते.

म्हणूनच आशाताईंच्या मोबदल्याची रचना मला खटकते. नवजात बाळाच्या गृहभेटींसाठीच्या २०११ च्या केंद्रीय सूचनांनुसार, दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास ४२ दिवसांत सहा भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये मिळायचे, आणि तेही बाळाच्या वजनाची, जन्माची नोंद व लसी झाल्या असतील आणि बेचाळिसाव्या दिवशी माय-लेकरू सुखरूप असतील तरच. म्हणजे सहाही भेटी चिखल तुडवत नेमाने देऊनही बाळ दगावले, तर तिच्या चालण्याचा हिशेब शून्य. शिवाय घराशेजारच्या गल्लीतील बाळंतीण आणि दोन ओढ्यांपलीकडच्या वाडीवरची बाळंतीण, दोघींसाठी दर एकच.