खुलासा : रेनेसाँ वास्तुशैली ग्रीक मंदिरांवरून उचलली का?

‘रेनेसाँच्या वास्तुकारांनी अथेन्सची मंदिरं पाहून आपली शैली घडवली,’ असं अनेक फॉरवर्डमध्ये असतं. (रेनेसाँ म्हणजे युरोपातला, मुख्यतः पंधराव्या-सोळाव्या शतकातला प्रबोधनकाळ.) दोन्हीकडे खांब दिसतात, म्हणून ते पटतंही.

पण अथेन्स १४५० च्या दशकात ऑटोमन सत्तेखाली गेलं. तिथल्या मंदिरांची काटेकोर मापं छापून आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इटलीतले वास्तुकार मोजत होते ते रोमचे अवशेष: कोलोसियम, पँथिऑन, विजयकमानी. सोबत इसवीसनपूर्व पहिल्या शतकातला दहा भागांचा लॅटिन वास्तुग्रंथ होता.

पडताळायचं असेल तर फोटोत खांबाचं बूड पाहा. अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे डोरिक (साध्या ग्रीक शैलीचे) खांब बैठकीशिवाय थेट चौथऱ्यावर उभे आहेत. रोममधल्या ‘टेंपिएत्तो’ या रेनेसाँकाळातल्या छोट्या गोल चॅपेलच्या खांबांना गोल बैठक आहे. मग रेनेसाँ इमारतीची भिंत पाहा. कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीत रुतलेले अर्धस्तंभ, ही जोडी कोलोसियमची. ग्रीक मंदिरात खांबांवर आडवी तुळईच येते.

फसगत मात्र एका जागी सहज होते. फ्लॉरेन्सचं बाप्तिस्मागृह तिथले लोक प्राचीन रोमन मंदिर समजत आणि वास्तुकारांनी त्यातूनही बरंच घेतलं. ती इमारत प्रत्यक्षात मध्ययुगीन आहे.