अर्ध्या लिटरची बाटली आणि ‘दहा मिनिटं’

फिरत आलेला दावा असा: स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) करताना अर्ध्या लिटरची छोटी टाकी जवळ ठेवा, मुख्य टाकी संपली तरी दहा मिनिटं मिळतात.

संथ श्वासात, पाण्याच्या पृष्ठभागावर हे जवळपास खरंही ठरेल. म्हणूनच ते पटतं. अर्धा लिटर, २०० बार दाब (एक बार म्हणजे साधारण पृष्ठभागावरचा हवेचा दाब), म्हणजे सुमारे १०० लिटर हवा. पण २० मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. त्यात हवा संपल्यावर माणूस घाबरतो. पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर धरले तर तिथे ९० लागतात. बाटली मिनिटभरात रिकामी!

वर यायला किती लागेल? सावरायला एक मिनिट, मिनिटाला ९ मीटर वेगाने चढाई, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षेसाठीचा थांबा: साधारण ३५० लिटर. दोन लिटरची टाकी जेमतेम पुरते. मी तीनचीच घेईन, थोडी अवजड असली तरी.

मिनिटाला किती हवा लागते, हा स्वतःचा आकडा काढायचाय? १० मीटरवर दहा मिनिटं पोहा. १२ लिटरच्या टाकीचा काटा ३० बार उतरला, तर ३६० लिटर गेले. भागिले दहा मिनिटं, भागिले तिथला दुप्पट दाब, म्हणजे मिनिटाला १८. हा अर्थात शांतपणी घेतलेला श्वास.