वाहक स्टॅलियन म्हणजे आजारी स्टॅलियन नव्हे

उडी आणि ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) यांसाठी पैदास होणाऱ्या युरोपातल्या वॉर्मब्लड घोड्यांबद्दल एक समज घट्ट बसला आहे: ‘फ्रॅजाइल फोल सिंड्रोम’ या आनुवंशिक आजाराचा वाहक असलेल्या स्टॅलियनची (पैदाशीच्या नर घोड्याची) शिंगरं मरतात, म्हणून त्याला पैदाशीतून बाद करा.

तसं नाही. पीएलओडी-१ जनुकातला हा दोष अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे. एकच सदोष प्रत असलेला घोडा, म्हणजेच वाहक, निरोगी असतो. दोष आई-बाप दोघांकडून आला तरच शिंगराच्या कोलॅजनची (कातडी-सांध्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) वीण कच्ची राहते. कातडी हाताळतानाच फाटते, सांधे भलतीकडे वळतात, जन्मल्यावर लवकरच दयामरण द्यावं लागतं. कधी गर्भच पडतो, आणि खापर बिचाऱ्या घोडीच्या तब्येतीवर फुटतं.

दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला धोका २५ टक्के. एकच वाहक असेल तर शून्य; सरासरी निम्मी शिंगरं वाहक निघतात, इतकंच. वॉर्मब्लडमध्ये साधारण १० टक्के घोडे वाहक आहेत. ते सरसकट काढले तर चांगली रक्तरेषाही जाईल.

घोडी न तपासता स्टॅलियनला दोष देणं हा निव्वळ आळस. चाचणीला आयाळीचे २०-३० केस पुरतात, मात्र मुळासकट उपटलेले. कात्रीने कापलेले चालत नाहीत, कारण लागणारा डीएनए मुळाशी असतो.