सेकंदाला तीन सेंटिमीटर

‘जोडीदाराला वीस सेकंद मिठी मारा, मेंदूत ऑक्सिटोसिनचा पूर येईल आणि संसार पुन्हा फुलेल’ अशा अर्थाचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. जिवंत माणसाच्या मेंदूत ऑक्सिटोसिन किती वाढलं, हे रक्तावरून किंवा लाळेवरून सरळ सांगता येत नाही. तेव्हा हा पूर नेमका कुणी मोजला, ते निरोप पुढे ढकलणाऱ्यालाच ठाऊक. स्पर्शाचं खरं विज्ञान मात्र या निरोपांपेक्षा कितीतरी मजेशीर आहे.

लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेलं जोडपं समुपदेशकाकडे जातं. मुलं मोठी झालेली, घराचं कर्ज फिटत आलेलं, मोठी भांडणंही नाहीत. पण एकाच पलंगावर झोपून अंगाला अंग लागलेलं नाही, त्याला कित्येक महिने लोटलेत. नवरा ‘तुझ्या समाधानासाठी येतो’ म्हणत आलेला असतो. एखादी गोळी, टॉनिक, निदान चार उपदेशाचे शब्द मिळतील अशी त्याची अपेक्षा. मिळते ती बंदी. पुढचे काही आठवडे संभोग करायचा नाही, प्रयत्नही करायचा नाही. ‘तो तसाही बंदच आहे की!’ असं कुणी पुटपुटलं तर नवल नाही.

बंदीबरोबर गृहपाठ असतो. आठवड्यातून दोन-तीनदा दार लावून, मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवून, एकाने स्वस्थ पडायचं. दुसऱ्याने त्याच्या हातांवरून, मानेवरून, पाठीवरून, पोटऱ्यांवरून सावकाश हात फिरवायचा. स्तन आणि जननेंद्रियं वर्ज्य. मग पाळी बदलायची. समोरच्याला बरं वाटतंय का, याची काळजी करायची नाही. आपल्या बोटांना काय लागतंय, कुठे ऊब, कुठे खरखर, कुठे लव, एवढ्याकडेच लक्ष. (दोन खोल्यांच्या घरात, बाहेर सासूबाई मालिका बघत असताना हे कसं जमवायचं, हा अस्सल मराठी प्रश्न. चांगला समुपदेशक तो आधी सोडवतो.)

ही पद्धत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातली. लैंगिकतेचे संशोधक विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ती १९७० साली ग्रंथरूपाने मांडली. त्यांचं निरीक्षण असं, की अडचण आलेली माणसं शेजेवरही स्वतःचीच परीक्षा घेत असतात. ‘जमतंय का? आज तरी जमेल का?’ असं पाहता पाहता माणूस स्वतःच्याच शृंगाराचा प्रेक्षक होऊन बसतो आणि उत्तेजना ओसरते. परीक्षाच रद्द केली की प्रेक्षकाला काम उरत नाही. बंदीमागचं तर्कशास्त्र एवढंच.

पण हात सावकाशच का फिरवायचा? मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथे सुरू होते, आणि ती स्वीडनमधली आहे.

आपल्या त्वचेतून स्पर्शाचे संदेश नेणारे बहुतेक मज्जातंतू जाड असतात. त्यांच्यावर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला सुमारे पन्नास मीटर वेगाने जातो. काय टोचलं, कुठे टोचलं, हे त्यामुळे झटक्यात कळतं. त्यांच्याशिवाय वेष्टण नसलेले बारीक तंतूही असतात. वेदना, खाज आणि तापमान ही त्यांची कामं, असं बरीच वर्षं मानलं जाई. स्वीडिश शास्त्रज्ञ इंग्व्हे झोटरमन यांना १९३९ साली मांजरांमध्ये हलक्या स्पर्शाला दाद देणारे बारीक तंतू सापडले होते. पण माणसात ते नसावेत, असा समज होता.

ऑके वाल्बो आणि कार्ल-एरिक हागबार्थ यांनी साठच्या दशकात स्वीडनमधल्या उप्साला इथे एक विलक्षण तंत्र बसवलं. टंगस्टनची केसासारखी सुई जाग्या माणसाच्या मज्जातंतूत अलगद सरकवायची आणि एकेका तंतूतून जाणारे विद्युत्-संकेत नोंदवायचे. हे संकेत कर्ण्याला जोडले की त्यांची टकटक चक्क ऐकू येते. याच तंत्राने पुढे माणसाच्या हाताच्या केसाळ त्वचेतही हलक्या स्पर्शाला दाद देणारे बारीक तंतू सापडले. नाव सी-टॅक्टाइल. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याहूनही कमी. मनगटावरून निघालेला संदेश मेंदूत पोचायला सेकंदभर लागतो. धोक्याची सूचना द्यायला असा तंतू कुचकामीच.

मग तो आहे कशासाठी? २००९ साली लिने लोकेन आणि सहकाऱ्यांनी यंत्राला मऊ ब्रश बांधून लोकांच्या हातावरून वेगवेगळ्या गतीने फिरवला. जाड तंतूंचा हिशेब सरळ होता : गती वाढली की संकेत वाढले. सी-टॅक्टाइल तंतूंचा आलेख मात्र उलट्या यू अक्षरासारखा आला. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या पट्ट्यात, विशेषतः तीनच्या आसपास, ते सर्वाधिक बोलके. याहून फार हळू किंवा फार जोरात ब्रश फिरला की मंदावलेले. त्याच लोकांना ‘किती सुखद वाटलं?’ असं विचारलं, तर उत्तरांचा आलेखही तसाच निघाला. २०१४ साली रोशेल अ‍ॅकर्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्पर्श करणारी वस्तू त्वचेइतकीच, साधारण बत्तीस अंश सेल्सियस उबदार असेल तर हे तंतू जास्त खूश असतात. म्हणजे अंगावरून सावकाश फिरणारा माणसाचा हात हे त्यांचं आवडतं खाद्य.

संदेश जातो तो मुख्यतः इन्सुला या मेंदूच्या घडीत दडलेल्या भागाकडे. हे कळलं कॅनडातल्या एका बाईमुळे. आजारात तिचे जाड स्पर्शतंतू नष्ट झाले होते आणि नाकाखालच्या शरीरावर तिला स्पर्श जाणवत नसे. तरीही हातावरून मऊ ब्रश फिरवल्यावर तिला काहीतरी पुसट, सुखद जाणवायचं. त्या वेळी तिच्या मेंदूत इन्सुला सक्रिय होत होती, स्पर्शाचा नेहमीचा भाग नव्हे. या तंतूंची आणखी एक खोड : त्याच जागी पुन्हा पुन्हा घासलं की ते थकतात. टीव्ही बघता बघता बायकोच्या खांद्यावर यांत्रिकपणे चालणारा हात कसा वाटत असेल, याचा अंदाज करा.

तरी, तंतू जागे झाले म्हणजे प्रेम जागं झालं असं नाही. २०१२ सालच्या एका प्रयोगात पुरुषांच्या पायावरून प्रत्यक्षात एक स्त्रीच हात फिरवत होती. पडद्यावर मात्र त्यांना कधी स्त्री, कधी पुरुष दिसे. पुरुष दिसला की तोच स्पर्श या भिन्नलिंगी पुरुषांना नकोसा वाटे, आणि मेंदूतला स्पर्शाचा प्राथमिक भागसुद्धा वेगळी दाद देई. कोण स्पर्श करतंय आणि त्याच्याविषयी आपल्या मनात काय आहे, हे स्पर्शाच्या पहिल्या पायरीलाच मिसळलेलं असतं. दहा वर्षांपूर्वी माहेरच्या लग्नात केलेला अपमान मनात ताजा असेल, तर सेकंदाला तीन सेंटिमीटर काय आणि तीस काय! म्हणूनच समुपदेशनाचा मोठा वेळ बोलण्यात जातो.

आणि हेही खरं, की मास्टर्स आणि जॉन्सन यांनी पद्धत मांडली तेव्हा माणसातले हे तंतू कुणी नोंदवलेही नव्हते. तंतूंमुळे पद्धत सिद्ध होत नाही. अपयश फक्त वीस टक्के, हा त्यांचा दावा १९८० साली बर्नी झिलबर्गेल्ड आणि मायकेल एव्हान्स यांनी चांगलाच तपासून काढला : अपयश कशाला म्हणायचं, हेच मास्टर्स-जॉन्सन यांनी स्पष्ट केलेलं नाही, असा आक्षेप. बाकी ‘आता इच्छाच होत नाही’ या तक्रारीचं काय? कॅनडातल्या व्हँकूवरच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं, की दीर्घ सहवासात, विशेषतः स्त्रियांमध्ये, इच्छा बऱ्याचदा आधी येत नाही. जवळीक सुरू झाल्यावर मागून येते. आधी इच्छा होऊ दे, मग बघू, म्हणत थांबलेली जोडपी थांबूनच राहतात ती यामुळे.

शरीराकडेही बघावं लागतं. मधुमेह, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, रजोनिवृत्तीनंतरचा योनीचा कोरडेपणा, ही कारणं आधी डॉक्टरांकडून तपासायची. ताठरता न येणं ही कधीकधी हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. ती भिंतीवर रंगवलेल्या ‘खोई हुई ताकत’वाल्या वैदूच्या चूर्णाखाली दडपली तर जिवाशी गाठ. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, रक्तवाहिन्यांवर काम करते. ती इच्छा निर्माण करत नाही आणि छातीदुखीच्या नायट्रेट गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तदाब धोकादायक कोसळतो.

मारहाण, धाक किंवा जबरदस्ती असलेल्या घरात मात्र जाणता समुपदेशक हा स्पर्शाचा गृहपाठ देतच नाही. तिथे पहिला प्रश्न बायकोच्या सुरक्षिततेचा असतो, आणि तो तिला एकटीला बसवून विचारायचा असतो.