एका घरात दोन राउटर

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस हॉलमध्ये नवा राउटर बसवून जातो. आतल्या खोलीतला जुना राउटर मात्र धडधाकट असतो, तो कोण टाकून देणार? मग नव्यातून एक केबल काढून जुन्याच्या ‘वॅन’ पोर्टात, म्हणजे बाहेरून येणाऱ्या नेटच्या खाचेत, खोचली जाते. बहुतेक वेळा दोन्हीकडे नेट सुरू होतं. पण हॉलमधल्या मोबाइलवरून आतल्या प्रिंटरला प्रिंट द्यायला जावं, तर प्रिंटर सापडतच नाही.

प्रिंटर बिघडलेला नसतो, घराच्या नेटवर्कची वाटणी झालेली असते. याचं मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचा जुना, आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते. त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. टंचाईची चाहूल आधीच लागली होती, म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारे आणि आणखी काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले. तेच पत्ते घरोघरी वापरले जातात. राउटर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरचा, खाजगी पत्ता पुसून स्वतःचा घालतो, त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद बघून योग्य उपकरणाकडे धाडतो. नोंद नसलेलं पॅकेट आत घेत नाही.

जुन्या राउटरच्या लेखी आता हॉलसुद्धा ‘बाहेर’च असतो. शिवाय मोबाइल प्रिंटर शोधताना नेटवर्कभर जी हाक देतो, ती राउटर पलीकडे जाऊ देत नाही.

उपाय एकच: जुन्याकडून राउटरचं काम काढून घ्यायचं. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड, म्हणजे फक्त वायफाय पुरवण्याचा पर्याय, असेल तर तो निवडावा, काम झालं. नसेल तर लॅपटॉप केबलने जुन्याला जोडून आधी त्याचा पत्ता बदलावा. नवा १९२.१६८.१.१ वर असेल, तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करावं आणि नव्याकडून येणारी केबल ‘वॅन’ऐवजी ‘लॅन’ पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, लावावी.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं, तर पुढचा त्रास फार चिवट असतो. मोबाइल जोडला जाताना ‘पत्ता कोण देतं?’ असं विचारतो, दोघेही उत्तर देतात आणि सहसा आधी पोचलेलं उत्तर घेतलं जातं. ते नव्याचं असलं तर सगळं सुरळीत. जुन्याचं असलं, तर नेटचा रस्ताही तो स्वतःकडूनच सांगतो आणि त्याच्याकडे आता बाहेर जायची वाटच नसते. वायफायच्या पूर्ण दांड्या दिसतात, नेट नाही. बंद करून चालू केल्यावर कदाचित चालेल, उद्या पुन्हा बंद. लोक उगाच कंपनीकडे तक्रारी करत बसतात.

नव्या राउटरच्या पत्त्यांची मालिका, म्हणजे सुरुवातीचे तीन आकडे, १९२.१६८.२९ सारखी वेगळी असेल आणि प्रिंटरला जुन्या मालिकेतला पत्ता हाताने दिलेला असेल, तर तो ‘ऑटोमॅटिक’वर आणावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले तर टीव्ही, स्मार्ट बल्ब सहसा आपोआप जोडले जातात.

एवढं करूनही गावाहून घरचा कॅमेरा थेट उघडत नसेल, तर नव्या राउटरचा ‘वॅन’ पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीही तिच्या बाजूला एकच पत्ता अनेक घरांत वाटते आहे. मग घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट’, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट, उघडून उपयोग नाही. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागेल.