पंक्चरच्या ट्यूबमधला वास

गेल्या पावसाळ्यात पुणे स्टेशनजवळ माझी सायकल पंक्चर झाली. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने ट्यूब घासली, बोटाने सोल्यूशन पसरलं आणि फुंकर घालत बसला. "वाळल्याशिवाय पॅच धरत नाही." समोर भिंतीला टेकून दहा-बारा वर्षांची दोन पोरं बसली होती. एकाच्या मुठीत मळका रुमाल होता. पंक्चरवाला त्यांच्याकडे बघत म्हणाला, "ह्यांच्यापायी सोल्यूशनच्या ट्यूबा खिशात ठेवाव्या लागतात. रुमालावर घेऊन नशेसाठी हुंगतात. ओरडलो की पळत सुटतात."

सोल्यूशन वाळतं म्हणजे त्यातलं द्रावक, त्याला पातळ ठेवणारा द्रव, हवेत उडून जातं. चिकटवायच्या पदार्थांत, थिनरमध्ये टोल्युइन, हेक्झेन अशी द्रावकं असतात. ती झटकन उडतात म्हणून पॅच लवकर बसतो, आणि त्याच गुणामुळे ती फुप्फुसातून रक्तात शिरतात. शिवाय ती चरबीत सहज विरघळतात आणि आपला मेंदू हा बराचसा चरबीचाच बनलेला. त्यामुळे काही सेकंदांत डोकं हलकं होतं, जीभ जड होते, तोल जातो. हा अंमल फार तर पाऊण तास टिकतो. मग पोरगं पुन्हा रुमाल नाकाशी नेतं.

हे प्रमाण किती? दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 साली आला. त्यातला एक आकडा वाचून मी थबकलो. 10 ते 17 वयोगटातल्या 1.17 टक्के मुलांनी आधीच्या वर्षभरात असे पदार्थ हुंगले होते, तर मोठ्यांमध्ये हेच प्रमाण 0.58 टक्के होतं. दारूचं बघा: मोठ्यांत 17.1, मुलांत 1.3. गांजा, अफू, झोपेच्या गोळ्या, सगळीकडे मोठी माणसं पुढे. हुंगण्याच्या नशेत मात्र मुलं मोठ्यांच्या दुप्पट, आणि मुलांपुरतं बोलायचं तर ही नशा दारूच्या जवळजवळ बरोबरीला. उपचारांची गरज असलेली मुलं अहवालाने 4 लाख 60 हजारांच्या आसपास धरली आहेत. अशी मुलं जिथे जास्त आहेत त्या राज्यांत महाराष्ट्रही येतो.

ही पाहणी मुख्यतः घरोघरी जाऊन केलेली होती, हे विसरून चालणार नाही. ज्याला दारच नाही त्याच्या दारात कोण जाणार? राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या 2013 च्या अभ्यासात मुळातच नशा करणाऱ्या सुमारे 4,000 मुलांना विचारलं होतं. त्यातल्या साधारण 35 टक्क्यांनी हुंगायचे पदार्थ वापरले होते. (हा आकडा 'देशातली 35 टक्के मुलं' असा फिरवला जातो. तसं नाही.)

मुलंच का, याचं उत्तर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. वस्तू स्वस्त, घेताना कुणी वय विचारत नाही आणि दप्तरात सापडली तरी संशय येत नाही. टोल्युइन हे काही अमली पदार्थांच्या यादीतलं नाव नव्हे. बुटाच्या कारखान्याला ते लागतंच. 2012 साली केंद्राने बाटलीतल्या व्हाइटनर-थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली, पेनमधल्या थोड्या व्हाइटनरला सूट ठेवली. बंदी योग्यच होती, पण पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब आणि रंगाचं दुकान तिच्या बाहेर राहिलं.

नुकसान दोन वेगांनी होतं. सावकाश होणारं आधी सांगतो. मेंदूतल्या तंतूंवर वायरच्या प्लास्टिकसारखं एक स्निग्ध आवरण असतं, मायलिन. वर्षानुवर्षांच्या टोल्युइनने ते झिजतं. मग स्मरण, चाल, बोलणं बिघडतं. हेक्झेनचं शरीरात जे रूपांतर होतं ते हातापायांच्या नसा खातं. लघवीच्या नेहमीच्या ड्रग-चाचणीत यातलं काहीच दिसत नाही, त्यामुळे पालक निर्धास्त राहतात.

दुसरं नुकसान क्षणात होतं. 1970 साली अमेरिकेतल्या मिलार्ड बास या डॉक्टरने द्रावकं हुंगताना अचानक मेलेल्या 110 तरुणांची नोंद प्रसिद्ध केली. गुदमरल्याची खूण नव्हती. ही द्रावकं हृदयाच्या स्नायूला ॲड्रेनॅलिन या संप्रेरकाबाबत कमालीचं हळवं करून ठेवतात. त्याच वेळी मूल दचकलं किंवा जोरात धावलं, की अंगात ॲड्रेनॅलिन उसळतं, ठोक्यांचा ताल मोडतो आणि हृदय नुसतंच थरथरत राहतं. पहिल्याच वेळी हुंगणाऱ्याच्या बाबतीतही हे घडलेलं आहे. त्यामुळे 'एकदाच तर केलं' या सबबीला इथे अर्थ उरत नाही.

'ओरडलो की पळत सुटतात' हे वाक्य डोक्यात घोळत होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात मुद्दाम त्या पंक्चरवाल्याकडे गेलो. हृदयाचं सांगितल्यावर तो पाना हातात धरून थांबला. "मग काय, बसू द्यायचं त्यांना?"

बसूच द्यायचं, म्हटलं. ओरडायचं नाही, मागे लागायचं नाही. हलक्या आवाजात बोलायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, रुमाल बाजूला ठेवायला लावायचा. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. एरवी मुलांच्या मदतीसाठी 1098, व्यसनमुक्तीसाठी 14446.

त्याने भिंतीवरच्या विटकरीच्या तुकड्याने तीनही नंबर टपरीच्या पत्र्यावर लिहिले. मग म्हणाला, "सायकलचं काय झालंय?" काहीच झालं नव्हतं. मी हवा भरून घेतली.